पाठीमागचा हूक

दातांच्या डॉक्टरांकडून आलेला माणूस जेवायला बसतो आणि स्वतःचाच गाल चावतो. त्याला पत्ता नसतो. समोरचा सांगतो तेव्हा कळतं, की घास लाल झाला आहे.

*

पवनचक्की खालून पाहिली तर आळसावलेली वाटते. पात्याचं टोक मात्र खालच्या महामार्गावरच्या कुठल्याही गाडीपेक्षा वेगानं धावत असतं.

*

तंबाखू मळायला दोन हात लागतात. एकाचा तळवा, दुसऱ्याचा अंगठा.

*

प्रश्न: गेल्या महिन्यात, समोरच्याने खरे सांगितले असूनही तुम्हाला ते पुन्हा तपासून पाहावेसे वाटले का? (कधीच नाही / क्वचित / बऱ्याचदा / सतत)

*

ऋतुजा कणसेच्या स्कूटर-चार्जिंगच्या दुकानातून एका दुपारी एक आरसा नाहीसा झाला. गोल, डाव्या बाजूचा.

*

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही.

*

हे सगळं एकाच माणसाबद्दल आहे.

इंद्रजित कणसे सातारा जिल्ह्यात, वाघजाईच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याला हे काम मिळालं बायकोच्या थोरल्या भावामुळं. महेंद्र शेडगेनं आधी बहीण दिली, मग वर्षभरानं साहेबांकडं शब्द टाकला. तेव्हापासून दोघं जोडीनं वर जातात. महेंद्र वयानं मोठा, पण बहिणीच्या नवऱ्याला ‘दाजी’ म्हणतो आणि अहो-जाहो करतो. चिडला तरी अहो-जाहोच.

मनोऱ्याच्या आतून शिडी जाते. ती संपते तिथं यंत्राची खोली, आणि खोलीच्या वर छत. छतावर जाणाऱ्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, पट्ट्याला एक कडी असते. छताला बांधलेल्या दोराचा हूक त्या कडीत अडकवायचा. आपला हूक आपल्याला दिसत नाही. म्हणून जोडीदार अडकवतो. हातमोजा काढून हुकाचं तोंड मिटलंय का ते बोटानं चाचपतो, ओढून बघतो, मग पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, “बांधला.”

थाप बसली की हात मागं न्यायचा नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण ज्यानं थापेनंतर हात मागं नेला, त्याच्याबरोबर पुन्हा कुणी वर गेलं नाही, असं पठारावर सांगतात.

फेब्रुवारीत तिघं वर गेले होते. महेंद्र, इंद्रजित आणि सुदाम ढेबे. छतावर वारा मोजणाऱ्या वाट्या असतात, त्या अडकल्या होत्या. सुदामची पाठ महेंद्रनं बघितली, आणि सुदाम छतावर गेला. वाऱ्याचा एक झोत आला.

दोर छतावरच राहिला. सुदाम एकटाच गेला.

चौकशी झाली. हुकाची स्प्रिंग सदोष होती असं ठरलं. सगळ्या पठारावरचे हूक बदलले. महेंद्रनं त्या दिवसापासून तंबाखू सोडली. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलंय बिचाऱ्यानं.

इंद्रजितला शिडी चढता येईना. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा. दुसरीवर हात गार पडायचे आणि छाती अशी धडधडायची की हेल्मेटचा पट्टा हलायचा. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं. दिवाळीपर्यंत वर जाता आलं तर ठीक, नाहीतर दुसरं काम बघा, असं गोड आवाजात सांगितलं.

*

डॉक्टर शाहीन मुल्ला भूलतज्ज्ञ होत्या. साताऱ्यातल्या एका रुग्णालयात त्यांचं संशोधन चाललं होतं आणि त्यांना घाबरणारी माणसं हवी होती. बाहेर बाकावर दोघं आधीच बसले होते. झुरळाला घाबरणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि लिफ्टला घाबरणारा एक बिल्डर. बिल्डरनं इंद्रजितकडं बघून विचारलं, “तुम्ही कशाला?”

“उंचीला.”

“मग आपलं जमलं असतं. मी बांधतो, तुम्ही चढू नका.”

आत डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं.

“दाढ काढलीय कधी?” त्यांनी विचारलं.

“हो. हिथनं हिथपर्यंत बधिर झालं होतं.”

“तेव्हा दाढ दुखत नव्हती असं नाही. तिचा निरोप पोचत नव्हता. नसेच्या भिंतीत अगदी बारीक दारं असतात. एक दार उघडतं, सोडियम आत घुसतं, त्याच्या धक्क्यानं पुढचं दार उघडतं. असा निरोप मेंदूपर्यंत जातो. आपण जे औषध टोचतो ते दारांना अडसर घालतं. बस. एवढंच ते करतं, आणि जिथं टोचलं तिथंच करतं.”

“पण भीती काय दाढेसारखी एका जागी असते का, मॅडम?”

“तुमची कुठं असते?”

त्यानं विचार केला. “छातीत. हातात. पोटात गोळा येतो.”

“मग? म्हणजे जागा आहे की.” डॉक्टर हसल्या. “मेंदूला स्वतःहून फारसं कळत नाही. तो शरीराला विचारतो. शरीर म्हणतं, छाती धडधडतेय, हात गार पडलेत. मेंदू म्हणतो, अच्छा, म्हणजे आपण घाबरलोय. मग तो आणखी घाबरवतो. ही सगळी ये-जा मानेतल्या नसांच्या एका गाठीतून होते. चांदणीच्या आकाराची गाठ आहे. तिला बधिर केलं, की मेंदू विचारतो आणि खालून उत्तरच येत नाही.”

“मग?”

“मग तो म्हणतो, काही नसेल.”

इंद्रजितला हे काही फार बरं वाटलं नाही. उत्तर येत नाही म्हणून काही नसेल, असं साहेब लोक म्हणतात. पण ऑगस्ट उजाडला होता, दिवाळी जवळ येत होती.

डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. साधं बधिरक काही तासांत ओसरतं. त्यांचं नवं औषध एका जेलमध्ये मुरवलेलं होतं आणि ते वर्षभर हळूहळू झिरपत राहतं. अर्ध्या लोकांना नवं औषध, अर्ध्यांना साधं. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही. ती पाकिटं पुण्यात सीलबंद. वर्ष झाल्यावर उघडायची.

“सुई टोचली की तुमची एक पापणी खाली येईल. घाबरू नका. संध्याकाळपर्यंत वर जाईल. दोन्ही गटांत पहिल्या दिवशी पापणी पडतेच, त्यामुळं त्यावरून ओळखायला जाऊ नका.”

“आणि तुम्ही ओळखलंत तर?”

“मी ओळखायचं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या.

*

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं इंद्रजितच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याकडं पाहिलं.

“काय पावणं, दुपारीच?”

“औषध टोचलंय मानेत.”

“आमच्या गावात बी औषधच म्हणत्यात त्याला.” कंडक्टरनं तिकीट दिलं आणि त्याला खिडकीपासून उठवून दाराजवळच्या सीटवर बसवलं. गाडीत काही सांडू नये म्हणून.

बस घाटाला लागली. पठारावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. एरवी तो या वळणावर मान वळवायचा. आज वळवली नाही. छाती शांत होती. एखाद्या रिकाम्या घरासारखी शांत.

मग त्यानं एक गोष्ट केली जी त्यानं फेब्रुवारीपासून केली नव्हती. तो दिवस पहिल्यापासून आठवायला घेतला. याआधी सुरुवात करायचा तेव्हा, यंत्राच्या खोलीपर्यंत पोचला की धडधड सुरू व्हायची आणि तो तिथंच थांबायचा. आज थांबला नाही. खोली दिसली. सुदाम पाठमोरा. “बघ रं महेंद्रा.” महेंद्रनं हूक कडीत घातला.

आणि महेंद्रचा डावा तळवा वर होता. त्यात तंबाखू. उजव्या हाताचा अंगठा मळत होता. हूक आधीच घातलेला, बोटांना चुना लागलेला, दोन्ही हात गुंतलेले. महेंद्रनं सुदामच्या पाठीला कोपर लावलं आणि म्हणाला, “बांधला.”

थाप वाजली नव्हती. कोपर वाजत नाही.

बस वळणावरून खाली उतरली तरी इंद्रजित मागं बघत होता. घरी पोचेपर्यंत उन्हं कलली आणि पापणी वर आली.

*

पुढच्या आठवड्यात तो शिडी चढला.

हात गार पडले नाहीत. मधल्या टप्प्यावर मांड्या थरथरल्या, पण ती चढण्याची थरथर होती, महिनोन्‌महिने खुर्चीत बसलेल्या माणसाची. खाली साहेबांनी टाळ्या वाजवल्या. महेंद्रचे डोळे भरून आले. “दाजी, तुम्हाला खालीच ठेवत्यात का काय असं झालं हुतं मला. रोज तिसऱ्याच बरूबर जायचं म्हंजे कसं हुतं.”

त्या दिवसापासून महेंद्र त्याचा हूक अडकवू लागला. ओढून बघायचा, थाप मारायचा. मोठ्यानं वाजेल अशी.

इंद्रजित छतावर पाऊल टाकायचा आणि विचार करायचा, एवढी मोठ्यानं कशाला मारतोय?

भीती असती तर बरं झालं असतं. भीती येते, वस्तू दूर झाली की जाते. हे जात नव्हतं. हे खाली उतरल्यावर त्याच्याबरोबर मोटरसायकलवर बसायचं आणि घरी यायचं. महेंद्रनं नेमकी त्याच दिवशी तंबाखू का सोडली? चौकशीत त्यानं स्प्रिंगचं नाव आधी काढलं की साहेबांनी? सुदामच्या दिवसकार्याला सगळ्यात जास्त राबला तो कोण? प्रत्येक गोष्टीला दोन उत्तरं होती, आणि महेंद्र दुःखी आहे हे त्यातलं सोपं उत्तर होतं.

एका दुपारी त्यानं बायकोच्या दुकानातल्या मोडीत निघालेल्या स्कूटरचा आरसा काढला.

*

“दाजी, ते काय हो?”

“आरसा.”

“वर येऊन दाढी करताय का?”

इंद्रजितनं आरसा खांद्यावरून मागं धरला, तिरपा केला. त्यात कडी दिसली, हूक दिसला, हुकाचं मिटलेलं तोंड दिसलं. आणि त्याच्या मागं महेंद्रचा चेहरा दिसला.

यंत्राच्या खोलीत वाऱ्याचा आवाज इतका असतो की माणसं ओरडून बोलतात. महेंद्र ओरडला नाही, त्यामुळं त्याचं वाक्य ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

“थाप मारली हुती मी.”

“हो.”

“मग?”

“सवय लागलीय.”

“कुणाची?”

इंद्रजितनं आरसा खिशात घातला. उतरताना महेंद्र आधी गेला. शिडीवर पूर्ण वेळ त्याचं हेल्मेट पायाखाली दिसत होतं आणि त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

खाली आल्यावर, गाडीत सामान टाकताना, इंद्रजितनं विचारलं, “महेंद्रदादा, सुदामची थाप तुम्ही हातानं मारली हुती का?”

महेंद्रच्या हातातलं सामान हातातच राहिलं.

“म्हंजे?”

“हातानं, का कोपरानं?”

“दाजी,” महेंद्र म्हणाला, “ह्ये तुम्ही इचारताय का ते औषध इचारतंय?”

हे काही उत्तर नव्हतं. इंद्रजितनं ते नीट लक्षात ठेवलं.

*

“माझ्या दुकानातला आरसा तुम्ही नेला?”

“भंगारातल्या गाडीचा होता.”

“भंगारातला असू दे. कशाला नेला ते मला दादाकडनं कळावं?” ऋतुजानं हातातली चार्जरची वायर खाली टाकली. दुकान बंद करायची वेळ होती. “रडला तो माझ्यासमोर. माझा बाप गेला तेव्हा रडला न्हवता. सुदामभावजी गेले तेव्हा पण न्हाय.”

“तेच म्हणतोय मी.”

“काय तेच?”

“तेव्हा का रडला न्हाय?”

मग त्यानं तिला कोपराचं सांगितलं. तंबाखू, चुना, सगळं. ऐकून झाल्यावर तिनं अगदी हळू विचारलं.

“चौकशीच्या वेळेला का सांगितलं न्हाय हे?”

“तेव्हा आठवतच न्हवतं. आठवायला बसलो की छाती उडायची.”

“आणि सुई टोचली नि आठवलं.”

“हो.”

“मग सुईलाच आठवलं असंल. तुम्हाला न्हाय.” तिनं शटर अर्धं खाली ओढलं. “माझं शिक्षण दादानं केलं. लग्न दादानं केलं. तुमची नोकरी दादानं लावली. आता भाऊबीजेला तो माझ्या पाटावर बसणार का न्हाय, एवढं एक सांगा. बाकी मला काय ऐकायचं न्हाय.”

“मी कुठं म्हणतोय बसू नको म्हणून?”

“तुम्ही आरसा धरून बसवाल त्याला.”

*

डॉक्टर मुल्लांनी प्रश्नावली पुढं ढकलली. ‘पुन्हा तपासून पाहावेसे वाटले का’ या प्रश्नाला इंद्रजितनं ‘सतत’वर खूण केली होती.

“तुम्ही एकटे नाही,” त्या म्हणाल्या. त्या थकलेल्या दिसत होत्या. “मुख्याध्यापिका बाई आता झुरळ हातानं उचलून बाहेर टाकतात. पण दूध गाळून घेतात, परत गाळतात, आणि सून बघत नाही ना याची खात्री करून पुन्हा गाळतात. तो बिल्डर लिफ्टनं जातो. मात्र लिफ्टमनला तीनदा बदललंय त्यानं. एका गृहस्थांनी बायकोला प्रत्येक भाजीतला पहिला घास खायला लावला.”

“भीती न्हाय आणि तरी असं?”

“भीती नाही म्हणूनच असं. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.” त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं. “घाबरलो हे जसं शरीर सांगतं, तसं ‘आता ठीक आहे’ हेही शरीरच सांगतं. श्वास सुटतो, खांदे खाली येतात, पोट सैल पडतं. मग मेंदू तपासणं थांबवतो. आपण एकाच रस्त्यावर अडसर घातला आणि दोन्हीकडची वाहतूक थांबली. धोका आहे हा निरोप येत नाही, आणि धोका टळला हाही नाही. मग मेंदू तपासत बसतो. तपासायला काहीतरी लागतं. बहुतेक वेळा ते जवळचं माणूसच असतं.”

इंद्रजितला वाटलं, या बाई पण आता काहीतरी झाकतायत. मग त्याला वाटलं, असं वाटणं हेच त्या सांगतायत. मग त्याला काहीच वाटेना.

“म्हंजे ते कोपर मी बनवलं?”

“बनवलं असं मी म्हणणार नाही. आठवण कपाटात ठेवलेली नसते. दरवेळी काढताना ती नव्यानं रचली जाते. संशयात असलेला माणूस ती संशयानं रचतो.”

“आणि खरंच पाहिलं असंल तर?”

“तर तीही आठवण अशीच दिसेल.”

बाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“मॅडम, मला कुठलं औषध मिळालंय?”

“मला माहीत नाही.”

“अंदाज?”

“अंदाज सांगायचा नसतो,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग सांगितलाच. “भीती गेली. संशय आला. साध्या औषधानं यातलं काहीच टिकलं नसतं. तुम्हीच बघा.”

“ते पाकीट आधी उघडता येतं का?”

“येतं. कुणाच्या जिवाला धोका असेल तर. तसं तुम्ही मला लेखी द्यायचं, काय धोका, कुणापासून. मग मी पुण्याला कळवते, तुमच्या कंपनीलाही कळवावं लागतं. दोन दिवसांत उत्तर.” त्यांनी पेन त्याच्याकडं सरकवलं. “आहे का धोका?”

पेन निळं होतं. इंद्रजितनं ते उचललं. धोका, आणि कुणापासून. त्याला भाऊबीजेचा पाट दिसला, रांगोळीच्या चौकटीतला, रिकामा. तबक घेऊन उभी ऋतुजा दिसली. स्टोअरमधली ती खुर्ची दिसली. आणि सगळ्यात सोपी गोष्ट अशी दिसली, की हे त्याचं नाहीच. हे मानेतल्या जेलचं आहे. वर्ष झालं की ओसरेल.

“न्हाय,” तो म्हणाला. “धोका काय न्हाय.”

कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे खाली आले. श्वास सुटला. पोट सैल पडलं. डॉक्टर कागद आवरत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. त्याचंही नव्हतं.

*

भाऊबीजेला महेंद्र आला तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबला. हातात साडीचं खोकं, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि चप्पल काढायची की नाही याचा निर्णय न झालेले पाय.

इंद्रजित पुढं झाला.

“महेंद्रदादा, चुकलं माझं.”

“जाऊ द्या हो, दाजी.”

“न्हाय, बोलू द्या. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ते औषधच तसं हाय. घरच्याच माणसावर शंका घेतं. एका माणसानं तर बायकोला भाजी चाखायला लावली.”

“मग ते आमच्या ऋतीच्या हातची भाजी खात असतील,” महेंद्र म्हणाला.

“दादा!” आतून आवाज आला.

तिघंही हसले. हसताना महेंद्रनं डोळे पुसले. त्यानं चप्पल काढली, पाटावर बसला. ऋतुजानं टोपी नीट बसवली त्याच्या डोक्यावर, कुंकू लावलं, ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात दोघांची नाकं एकसारखी दिसत होती. इंद्रजित भिंतीला टेकून बघत होता. एका क्षणी महेंद्रनं त्याच्याकडं पाहिलं आणि पटकन नजर खाली वळवली. इंद्रजितनं मनात म्हटलं, हे औषध आहे. आणि ते निघून गेलं. इतकं सोपं होतं.

जेवणं झाल्यावर महेंद्र जरा अंगणात जाऊन आला. परत आला तो गुणगुणत.

“दादा आता पहिल्यासारखा झाला,” ऋतुजा ताटं उचलताना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितनं आरसा पुन्हा स्कूटरला लावला. स्क्रू नीट आवळला.

*

वाट्या पुन्हा अडकल्या होत्या. त्याच मनोऱ्यावरच्या, त्याच छतावरच्या.

दोघं वर पोचले. थंडी पडू लागली होती, इंद्रजितनं जाड जाकीट घातलं होतं आणि त्यावरून पट्टे. पठारावर वारा सुटला होता. छतावर जायचं झाकण उघडल्यावर आभाळ एकदम आत आलं.

“फिरा, दाजी.”

इंद्रजित पाठमोरा झाला. कडीत काहीतरी खुळखुळलं. किंवा वाऱ्यानं साखळी हलली. समोर यंत्राची पांढरी भिंत होती, तिच्यावर कुणीतरी जुन्या काळात खिळ्यानं बदाम कोरला होता. त्यानं त्या बदामाकडं बघत राहायचं ठरवलं.

मग त्याला वास आला. ओल्या चुन्याचा.

आठवणीतला असेल, तो स्वतःला म्हणाला. मॅडम म्हणाल्याच होत्या, नव्यानं रचली जाते.

पाठीवर काहीतरी टेकलं. जाड जाकिटातून तळवा आणि कोपर सारखंच लागतं. वाऱ्यात थाप वाजली असती तरी ऐकू आली नसती.

“बांधला!” महेंद्र ओरडला. तोंडात काहीतरी धरल्यासारखा त्याचा आवाज जाड होता.

इंद्रजितचा उजवा हात मांडीपासून थोडा उचलला गेला, मागच्या बाजूला. बोटं पसरली. मग तो थांबला. ऋतुजा काय म्हणाली असती ते त्याला ऐकू आलं. त्यानं हात पुढं आणला, झाकणाच्या कडेवर ठेवला.

“येतो,” तो म्हणाला, आणि छतावर पाऊल टाकलं.

*

ऑगस्टमधल्या त्या सकाळी इंद्रजित कणसेच्या मानेत टोचलं गेलं ते दातांच्या दवाखान्यात वापरतात तेच साधं बधिरक होतं, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी, तो बसमधून उतरून घरी पोचेपर्यंत, पूर्ण ओसरला होता.